वेस्टा (४) : शोध, नामकरण आणि मानेगावचा अशनी

वेस्टा हा मंगळ व गुरू यांच्या दरम्यानच्या मुख्य पट्ट्यातील, शोधाच्या क्रमाने चौथा लघुग्रह होय. त्याचा सरासरी व्यास सु. ५२५ किमी. असून त्याला सूर्याभोवती फिरण्यास सु. ३.६३ वर्षे लागतात. १८४३ च्या पावसाळ्यात (सामान्यतः २९ जून हा दिवस दिला जातो) खानदेशातील एदलाबाद, म्हणजे सध्याचे मुक्ताईनगर (जि. जळगाव), याच्या परिसरातील मानेगाव येथे पडलेला अशनी याच लघुग्रहाच्या कवचातून आला असावा, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात.

सेरेस (१८०१) व पॅलस (१८०२) हे सूर्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आढळल्याने, ते एखाद्या फुटलेल्या ग्रहाचे तुकडे असावेत आणि तसे असल्यास सर्व तुकड्यांच्या कक्षा आकाशाच्या त्याच दोन भागांतून जात राहतील, असे ब्रेमेनचे वैद्य व ज्योतिर्विद हाइन्रिख ओल्बर्स यांनी मांडले. त्यानुसार कन्या व तिमिंगल या तारकासमूहांच्या दिशेने त्यांनी चिकाटीने वेध घेतले आणि २९ मार्च १८०७ रोजी कन्या राशीत त्यांना वेस्टा सापडला. ते गृहीतक पुढे त्याज्य ठरले. शोध मात्र त्यामुळेच लागला. नाव ठेवण्याचा मान त्यांनी गणितज्ञ गाउस यांना दिला व गाउस यांनी रोमन लोकांच्या चूलदेवतेचे नाव निवडले. पाचवा लघुग्रह १८४५ मध्ये सापडला, म्हणजे मानेगावला दगड पडला तेव्हा असे चारच गोल माहीत होते.

या अशनीचा आज जेमतेम ४२ ग्रॅम अंश जतन झालेला आढळतो. ब्रिटिश म्युझियमचे मॅस्केलिन यांनी १८७० मध्ये त्याच्या खनिजांचे वर्णन प्रसिद्ध केले. तो जवळजवळ संपूर्णपणे ऑर्थोपायरॉक्सीन या खनिजाचा असून डायोजेनाइट वर्गात मोडतो. असा खडक वितळलेल्या शिलारसातून खोलवर सावकाश थिजून बनतो, म्हणून त्याचा जनक गोल आतून तापून वितळलेला असला पाहिजे.

तो गोल कोणता, हा वाद दीर्घकाळ चालला. १९७० मध्ये मॅकॉर्ड व सहकाऱ्यांना वेस्टाचा वर्णपट (त्यावरून परावर्तित झालेल्या प्रकाशातील रंगांचे प्रमाण) डायोजेनाइटांशी नाते असलेल्या बेसाल्टी अशनींशी जुळणारा आढळला. आक्षेप असा होता, की वेस्टा सूर्यापासून २.३६ ज्योतिषीय एककांवर (एक एकक म्हणजे पृथ्वी व सूर्य यांतील सरासरी अंतर) आहे, तर खडकांना पृथ्वीच्या वाटेला लावणारे गुरूचे ३:१ अनुस्पंदन, म्हणजे गुरूच्या एका फेरीत खडकाच्या तीन फेऱ्या होतात ती कक्षा, २.५ एककांजवळ आहे. मधले अंतर तुकड्यांनी कसे कापले, हे सांगता येत नव्हते. १९९३ मध्ये बिन्झेल व झू यांना वेस्टापासून या अनुस्पंदनापर्यंत पसरलेले, तशाच वर्णपटाचे छोटे लघुग्रह सापडले आणि आक्षेपाचा जोर ओसरला. पुढे हबल दुर्बिणीला वेस्टाच्या दक्षिण ध्रुवाजवळ प्रचंड विवर दिसले. २०११–१२ मध्ये वेस्टाभोवती फिरलेल्या ‘डॉन’ यानाने रीयासिल्व्हिया नावाच्या या सु. ५०० किमी. रुंद विवरात डायोजेनाइटसदृश खडक उघडे पडल्याचे दाखवले. इबितिरासारख्या काही बेसाल्टी अशनींतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे (वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंचे) प्रमाण वेगळे असल्याने त्यांच्यापुरता दुसरा जनक गोल सुचवला जातो. डायोजेनाइट व त्यांच्याशी नाते असलेले बेसाल्टी अशनी यांच्या संपूर्ण गटासाठी मात्र वेस्टाचे जनकत्व हेच मत अधिक सयुक्तिक वाटते.