फ्रँकफुर्टमध्ये नोकरी सांभाळून स्वतःचा व्यवसाय: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

व्यवसायाच्या कागदपत्रांत मदत घ्यायला आमच्याकडे येणारी बहुतेक मंडळी बँकेच्या किंवा बँकांचं काम करणाऱ्या आयटी कंपनीच्या नोकरीवर फ्रँकफुर्टला आलेली असतात. दोन-तीन वर्षं गेली, भाषेची भीड चेपली, की स्वतःचं काहीतरी सुरू करावंसं वाटू लागतं. कुणाला कन्सल्टिंग करायचं असतं, कुणाला फराळाच्या ऑर्डरी घ्यायच्या असतात, कुणाला ओळखीच्या कारखान्याचा माल कोल्हापूरहून इकडे आणायचा असतो. हे पत्रक त्यांच्यासाठी आहे.

आमचं मत आधीच सांगतो. नोकरी सोडायची, जीएमबीएच (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढायची, ऑफिस भाड्याने घ्यायचं आणि मग गिऱ्हाईक शोधायचं, हा रस्ता धरू नका. नोकरी चालू ठेवून लहान प्रमाणावर सुरुवात करा, चार बिलं पाठवा, पैसे वेळेवर येतात का ते पाहा. जर्मनीत याला जोडव्यवसाय म्हणून रीतसर जागा आहे. मात्र कागदांचा क्रम पाळावा लागतो, आणि पहिला कागद तुमच्या खिशातच असतो.

आधी रहिवास कार्ड वाचा

कार्डावर किंवा त्यासोबतच्या घडीच्या पुरवणीवर कामाबद्दल एक ओळ छापलेली असते. ‘एर्व्हेर्ब्सटेटिगकाइट गेश्टाटेट’ असं असेल तर नोकरी आणि स्वतंत्र व्यवसाय दोन्हींना मोकळीक आहे. कायमचा रहिवास मिळालेल्यांनाही हीच मोकळीक असते. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा रहिवास परवाना, मात्र नोकरीसाठी दिलेलं असतं. ब्लू कार्डधारकाने जोडव्यवसाय सुरू करण्याआधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडून, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डेकडून, लेखी परवानगी घ्यायची असते. ती मिळू शकते, पण वेळ लागतो. अर्जात व्यवसाय काय, आठवड्याला किती तास, मूळ नोकरी तशीच राहणार का, हे स्पष्ट लिहावं लागतं.

इथे एक गोष्ट बऱ्याच जोडप्यांच्या लक्षात येत नाही. नवरा ब्लू कार्डवर असेल आणि बायको कुटुंब म्हणून आली असेल (किंवा उलट), तर कुटुंब म्हणून आलेल्या जोडीदाराच्या कार्डावर सहसा सर्व प्रकारच्या कामाची मुभा असते. म्हणजे व्यवसाय तिला आजच नोंदवता येतो, त्याला नाही. अनेक घरांत ती शिकलेली, अनुभवी आणि भाषेच्या वर्गात अडकलेली असते. व्यवसाय खरोखर तिचा असेल, निर्णय ती घेणार असेल, तर आम्ही हाच मार्ग सुचवतो. नाव तिचं आणि रोजचं काम ब्लू कार्डवाल्याचं, असा बनाव मात्र करू नका. त्याने परवानगीशिवाय केलेलं ते काम बेकायदा ठरतं आणि पुढच्या नूतनीकरणात अंगाशी येतं.

ब्लू कार्डावर 27 महिने, आणि जर्मन बी-1 (मध्यम) पातळीपर्यंत येत असेल तर 21 महिने भरले, की इतर अटी पूर्ण करून कायमच्या रहिवासासाठी अर्ज करता येतो. पूर्णवेळ व्यवसायात उतरायचं असेल तर आम्ही शक्यतो तोवर थांबायला सांगतो. त्याआधी नोकरी सोडून व्यवसायासाठीचा परवाना मागितला, तर रहिवास कायद्याच्या कलम 21 खाली या व्यवसायाची इथे गरज आहे का, पैशाची सोय झाली आहे का, हे तपासलं जातं. वय 45 च्या पुढे असेल तर म्हातारपणाची तरतूदही दाखवावी लागते. मान्य आहे, थांबणं जिवावर येतं. पण बी-1 चा वर्ग हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त खर्च आहे.

नोकरीच्या करारातही जोडकामाचं कलम असतं. मालकाला लेखी कळवा. त्याच्याच गिऱ्हाईकांना त्याचीच सेवा विकायचा विचार असेल तर तो सोडून द्या.

फ्रायबेरुफ्लर की गेवेर्बे

डॉक्टर, वकील, अभियंता, वास्तुविशारद, भाषांतरकार, शिक्षक अशी ज्ञानावर उभी असलेली कामं ‘फ्रायबेरुफ्लर’ म्हणून चालतात. त्यांना व्यापार-नोंदणी लागत नाही, व्यापार करही नाही. बाकी जवळपास सगळं ‘गेवेर्बे’, म्हणजे व्यापार-धंदा, आणि त्यासाठी नगरपालिकेत नोंद करायची. सॉफ्टवेअरवाल्यांचं गाडं इथेच अडतं. शिक्षण आणि प्रत्यक्ष काम अभियंत्यासारखं आहे का, हे करखातं, म्हणजे फिनान्त्सआम्ट ठरवतं, आणि ते काही वर्षांनीही फिरवू शकतं. पदव्यांचे कागद आणि कामाचं नेमकं वर्णन पहिल्यापासून फायलीत ठेवा.

व्यापार कराची धास्ती मात्र वाजवीपेक्षा जास्त घेतली जाते. एकट्या मालकाला वर्षाला 24,500 युरोंपर्यंतच्या नफ्यावर तो लागतच नाही, आणि त्यापुढे भरलेल्याचा बराचसा भाग प्राप्तिकरातून वजा होतो. कंपनी काढली की ही सवलत जाते. या कराचा शहराने ठरवलेला गुणक-दर फ्रँकफुर्टमध्ये 460 टक्के आहे. तो 3.5 टक्क्यांच्या मूळ दरावर लागतो, म्हणजे नफ्याच्या 16.1 टक्के. शेजारच्या एश्बोर्नमध्ये दर 330 टक्के आहे, आणि तिथे मोठमोठी ऑफिसं का दिसतात याचं बरंचसं उत्तर त्यातच आहे. पण प्रत्यक्ष काम फ्रँकफुर्टच्या घरातून आणि एश्बोर्नला फक्त टपालपेटी, असं चालत नाही.

फ्रायबेरुफ्लर असा किंवा गेवेर्बे, सुरुवातीपासून एका महिन्यात करखात्याची प्रश्नावली ‘एल्स्टर’ या सरकारी पोर्टलवर भरायची असते. पहिल्या वर्षी उलाढाल 25,000 युरोंच्या आत राहणार असेल तर ‘क्लाइनउंटरनेमर’ ही सवलत घेऊन बिलात विक्रीकर न लावण्याची सोय आहे. फराळ विकणाऱ्याला ती सोयीची पडते. यंत्रं किंवा महाग सामान विकत घेणाऱ्याला नाही, कारण खरेदीवर भरलेला 19 टक्के कर मग परत मिळत नाही.

एल्स्टरचा कोड टपालाने येतो. पेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. कंपनी काढली असेल तर कंपनीचं नावही पेटीवर हवं. एका चिठ्ठीअभावी कंपन्यांची नोंद करणाऱ्या न्यायालयाचं पत्र परत जाऊन नोंदणी रखडते, हे आम्ही वारंवार पाहतो. बाकी काही आधी केलं नाही तरी ही चिठ्ठी लावा.

बँकेचं काम घेणाऱ्या आयटी मंडळींनी हे नीट वाचावं

युरोपीय मध्यवर्ती बँक, बुंडेसबँक, ब्रेक्झिटनंतर इथे वाढलेली परदेशी बँकांची कार्यालयं, आणि 2025 पासून काळ्या पैशाविरुद्धची नवी युरोपीय संस्था ‘आम्ला’, हे सगळं या एका शहरात आहे. नियमपालन, अहवाल, जुन्या प्रणालींचं स्थलांतर, चाचणी या कामांना इथे कायम मागणी असते. त्यामुळे ‘नोकरीऐवजी रोजच्या दरावर ये’ असा प्रस्ताव येतो आणि आकडा पाहून भुरळ पडते.

पण समजा, तुम्ही रोज सकाळी त्याच टेबलावर बसता, त्यांचाच लॅपटॉप वापरता, त्यांच्या मॅनेजरकडून कामं घेता, सुट्टी त्यांना विचारून टाकता, आणि दुसरं गिऱ्हाईक एकही नाही. मग कायद्याच्या नजरेत तुम्ही व्यावसायिक नसून नोकरच आहात. बिलावर काहीही लिहिलेलं असलं तरी फरक पडत नाही. याला ‘शाइनझेल्बश्टेंडिशकाइट’ म्हणतात. पकडलं गेलं तर कंपनीला साधारण चार वर्षं मागे जाऊन सामाजिक विम्याचे हप्ते भरावे लागतात, मुद्दाम केलं असेल तर त्याहून जास्त. मग ती कंपनी तुम्हाला परत काम देत नाही.

यावर उपाय आहे. जर्मन निवृत्तिवेतन संस्थेकडे, डॉइचे रेंटेनफरझिशरुंगकडे, अर्ज करून दर्जा आधी ठरवून घेता येतो. करारात वेळेऐवजी काम काय पूर्ण करायचं ते लिहा, स्वतःचं सामान वापरा, दुसरं गिऱ्हाईक लवकर शोधा. दलाल कंपनी ‘आमच्याकडे सगळे असंच करतात’ म्हणाली तर तो करार सही करण्याआधी आम्हाला दाखवा.

कंपनी कधी काढावी

मोठं गिऱ्हाईक ‘कंपनीशीच करार करू’ म्हणून अडून बसलं, भागीदार आला, किंवा माल आयात करताना जोखीम वाढली, तर काढा. जीएमबीएचचं भांडवल 25,000 युरो, त्यातले निदान 12,500 नोंदणीआधी खात्यात हवेत. ‘यूजी’, म्हणजे जीएमबीएचचं कमी भांडवलाचं रूप, एक युरोवरही निघते, पण तिच्या नफ्याचा चौथा हिस्सा दर वर्षी राखीव ठेवावा लागतो, भांडवल 25,000 होईपर्यंत. एक युरोची कंपनी म्हणजे पहिल्याच नोटरीच्या बिलाला तिजोरी रिकामी. निदान काही हजार तरी घाला.

नोटरीकडचा प्रसंग पहिल्यांदा जाणाऱ्याला अनपेक्षित असतो. नोटरी संपूर्ण दस्त पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचतो, भराभर. वाचल्याशिवाय सही होत नाही. तुम्हाला जर्मन पुरेसं समजत नाही असं त्याला वाटलं तर दुभाषा लागतो, आणि तो ऐनवेळी मिळत नाही. आम्ही मसुद्याचा मराठी सारांश आधी देतो, म्हणजे खुर्चीत बसल्यावर कुठलं कलम चाललंय ते कळतं.

नोंदणी जाहीर झाली की पत्रांचा पाऊस पडतो. गरुडाचं चिन्ह, ‘रजिस्टर’ हा शब्द, काही शे युरोंची रक्कम आणि बँक खात्याचा क्रमांक. त्यातली बरीच खाजगी कंपन्यांची फसवी ‘निमंत्रणं’ असतात. बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही असतं. खरी बिलं न्यायालयाकडून, नोटरीकडून, आयएचके या व्यापारी मंडळाकडून आणि कंपनीचे खरे मालक नोंदवणाऱ्या पारदर्शकता रजिस्टरकडून येतात. खात्री नसेल तोवर पैसे भरू नका, पत्राचा फोटो आम्हाला पाठवा. हे आम्ही फुकट पाहतो.

पैसे बाजूला ठेवा

सगळ्यात जास्त लोक अडचणीत येतात ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. पहिल्या वर्षी नफा झाला, कर कुणी मागितला नाही, पैसे घराच्या हप्त्यात गेले. मग करनिर्धारण येतं: गेल्या वर्षाचा पूर्ण कर, शिवाय चालू वर्षाचे आगाऊ हप्ते, दोन्ही जवळजवळ एकदम. प्राप्तिकराचे हप्ते 10 मार्च, 10 जून, 10 सप्टेंबर आणि 10 डिसेंबरला असतात. प्रत्येक बिलाचे पैसे आले की निदान एक तृतीयांश वेगळ्या खात्यात टाका. विक्रीकर लावत असाल तर तो त्याहून वेगळा ठेवा, तो तुमचा नाहीच.

नोकरी मुख्य आहे तोवर आरोग्य विमा नोकरीतूनच चालतो, मात्र जोडव्यवसायाची कल्पना विमा संस्थेला द्या. नोकरी सोडली की मालकाचा हिस्साही तुम्हीच भरायचा. तेव्हा खाजगी विमा स्वस्त दिसतो. मुलंबाळं असतील तर घाई करू नका. सरकारी विम्यात परत येणं अवघड असतं, 55 नंतर तर जवळपास अशक्यच.

फराळ आणि डबा

दिवाळीत चकली-अनारशांना इथे चांगली मागणी असते. विक्री करायची तर आरोग्य खात्याचं स्वच्छतेचं प्रशिक्षण-प्रमाणपत्र हवं, अन्नतपासणी खात्याकडे नोंद हवी, आणि घरच्या स्वयंपाकघराबद्दल त्यांच्याशी आधी बोलायला हवं. अनेकजण तासांच्या भाड्याने व्यावसायिक स्वयंपाकघर घेतात, तेच बरं. शेंगदाणे, तीळ, गहू, दूध यांसारख्या 14 ॲलर्जीकारक गोष्टींची माहिती द्यावी लागते. डबा-पिशवी तुम्ही भरून देता, म्हणून ‘लूसिड’ या वेष्टन-नोंदवहीत नाव घालावं लागतं, अगदी थोड्या पाकिटांसाठीही. पाव-केक भाजून विकायचे असतील तर बेकरी हा मास्टर-परवान्याचा, म्हणजे सहसा उस्ताद-कारागिराची पदवी लागणारा धंदा आहे. कारागीर मंडळाला विचारल्याशिवाय ओव्हन घेऊ नका. वेबसाइटवर किंवा व्यवसायाच्या इन्स्टाग्रामवर नाव-पत्त्यासह ‘इम्प्रेसुम’, म्हणजे मालकाची ओळख सांगणारा मजकूर, नसेल तर वकिलाची नोटीस येऊ शकते.

आमचं काम काय

अर्ज भरणं, पत्रं समजावून सांगणं, कार्यालयात सोबत येणं, नोटरीची तयारी करून घेणं. कर सल्ला कायद्याने श्टॉयरबेराटरसारखा (परवानाधारक कर सल्लागार) अधिकृत माणूसच देऊ शकतो आणि कायदेशीर सल्ला वकील, तिथे आम्ही तुम्हाला त्यांच्याकडे पाठवतो.

पहिल्या भेटीला रहिवास कार्ड पुरवणीसकट, पासपोर्ट, पत्त्याच्या नोंदणीचा कागद, नोकरीचा करार, पदव्या आणि शेवटचं करनिर्धारण आणा. विवाहित असाल तर जोडीदाराचं कार्डही, आणि जमलं तर जोडीदारालाही. व्यवसायाबद्दल एक पान मराठीत लिहून आणलंत तरी चालेल: काय विकणार, कुणाला, किती किमतीला, आणि पहिलं गिऱ्हाईक कोण.