सोपी मराठी, पण कोणाची? मराठी बायबलची पार्श्वभूमी

‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.’ येशूनं शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेतली ही ओळ मराठी ख्रिस्ती घरातल्या मुलांना अक्षरं गिरवायच्या आधीच पाठ होते. ग्रीक नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपासून पुढच्या भागात, इथे ‘आर्तोस’ असा शब्द आहे, म्हणजे भट्टीत भाजलेली गव्हाची नाहीतर जवाची जाड रोटी. तिला मराठीत ‘पाव’ म्हटलं असतं तर? विहिरीत पाव टाकून गावं बाटवल्याच्या गोष्टी कोकणात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या आहेत. त्या एका शब्दानं प्रार्थना परकी झाली असती. ‘अन्न’ म्हटलं असतं तर अर्थ चुकला नसता, पण डोळ्यांपुढे काहीच आलं नसतं. ‘भाकर’ म्हटलं की चूल, तवा, परात आणि पिठानं माखलेले हात, सगळं समोर येतं.

असे शब्द सहज हाती लागत नाहीत. मराठी बायबलच्या मागे मोठा इतिहास आहे आणि त्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: सोपी मराठी म्हणायचं ते कोणाच्या मराठीला?

सुरुवात बहुतेक जण फादर थॉमस स्टीफन्सपासून करतात. हा इंग्रज जेझुइट, म्हणजे येशूसंघाचा कॅथलिक धर्मगुरू, 1579 मध्ये गोव्यात आला आणि 1616 मध्ये राशोलला त्याचं ‘क्रिस्तपुराण’ छापून निघालं. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्याच्या ओव्या शाळेत सगळ्यांच्या कानांवरून गेलेल्या असतात. पण क्रिस्तपुराण हे बायबलचं भाषांतर नव्हे. बायबलमधल्या कथा ओवीत नव्यानं सांगणारं ते पुराण आहे, जवळपास अकरा हजार ओव्यांचं. नवख्रिस्ती लोकांची जुनी पोथी सुटली होती, तिच्या जागी ऐकायला काहीतरी हवं होतं. स्टीफन्सनं ती भूक ओळखली, आणि मला तरी हे त्याच्या भाषाप्रेमाहून मोठं वाटतं. नागरीचे खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, हाताशी नसल्यानं पुस्तक रोमन लिपीत छापावं लागलं. पुढे वारं उलटं फिरलं. 1684 मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज सरकारनं तिथल्या लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढला.

शास्त्र प्रत्येकानं स्वतःच्या भाषेत वाचावं, हा आग्रह मूळचा युरोपातल्या धर्मसुधारणेचा. त्यापायी बायबल इंग्रजीत आणणाऱ्या विल्यम टिंडेलला 1536 मध्ये जीव गमवावा लागला. हिंदुस्थानात तो आग्रह आधी दक्षिणेत पोचला. तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीत त्सीगनबाल्ग या जर्मन मिशनऱ्यानं तमिळ नवा करार 1714 च्या सुमारास छापायला घेतला. मराठीची पाळी यायला आणखी नव्वद वर्षं लागली, आणि ती आली थेट बंगालमध्ये.

विल्यम कॅरी मूळचा जोडे शिवणारा. कंपनी सरकारला मिशनरी नको होते, म्हणून त्यानं कलकत्त्याजवळच्या, डॅनिश अमलातल्या श्रीरामपुरात बस्तान मांडलं. फोर्ट विल्यम कॉलेजात तो बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवू लागला. त्याच्या मदतीला होते वैजनाथ पंडित. 1805 मध्ये मराठी व्याकरण आणि मत्तयाचं शुभवर्तमान (येशूचं चरित्र सांगणारा नव्या करारातला ग्रंथ) निघालं, 1810 मध्ये मोडीच्या खिळ्यांत शब्दकोश आणि 1811 मध्ये नवा करार. काम अचाट होतं, त्याबद्दल वाद नाही. पण मराठी मुलूख तिथून शेकडो कोस लांब. नांगरणारा, दळणारी, बाजारात घासाघीस करणारा माणूस कॅरीच्या कानी पडणं शक्यच नव्हतं. समोर मूळ ग्रंथ घेऊन बसलेला साहेब आणि शेजारी नागपूरकडची, त्यातही पंडिताची मराठी. त्या मेजावर जी भाषा बसली होती तीच पुस्तकात उतरली.

मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना हे लवकर उमगलं. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट 1813 च्या फेब्रुवारीत आले तेव्हा कंपनीनं त्यांना परत धाडायचाच घाट घातला होता. ते कसेबसे टिकले. हॉल बाजारात, देवळांच्या आवारात, गावोगावच्या वाटांवर लोकांशी बोलत हिंडायचा. श्रीरामपूरचं भाषांतर इथे चालेना, म्हणून त्यांनी नव्यानं सुरुवात केली, स्वतःचा छापखाना घातला आणि 1826 मध्ये त्यांचा मराठी नवा करार पुरा झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये नाशिककडच्या फेरीवर असताना हॉल पटकीनं गेला.

या छापखान्याचं ऋण फक्त ख्रिस्ती लोकांवर नाही. तिथेच तयार झालेल्या टॉमस ग्रॅहमनं मराठी अक्षरांचे नवे साचे कोरले. मिशनची पुस्तकं बघून आपणही असं छापावं, असं गणपत कृष्णाजींच्या मनानं घेतलं आणि 1831 मध्ये त्यांचं पंचांग छापून निघालं.

अडचण मात्र शब्दांची होती. काही शब्द फार छान बसले. हिब्रू लोकांचा देवाशी झालेला बांधील शब्द मराठीत ‘करार’ झाला. मूळ अरबी, पण कचेरीच्या कागदांतून खेड्यातल्या कुणब्यालाही ओळखीचा. करार मोडला की काय होतं हे त्याला कुणी समजावून सांगायला नको. ‘बाप्तिस्मा’, म्हणजे पाण्यानं ख्रिस्ती दीक्षा देण्याचा विधी, हा शब्द तसाच ठेवला. स्नान म्हणावं तर गंगेचं स्नान आठवणार. आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या सुरुवातीचं ‘प्रारंभी शब्द होता’ हे वाक्य? शब्दब्रह्माचं कीर्तन ऐकलेल्या माणसाला त्यात जे ऐकू येतं ते ग्रीक वाचकाला येणार नाही. एरवी भाषांतर तपासायला शास्त्री-पंडित बसत, आणि दर सुधारणेत संस्कृत शब्द थोडे अधिक चढत गेले. शिकलेल्याला ते भारदस्त वाटे. ज्यांच्यासाठी मिशन उभं होतं त्यांना मात्र ते अवघड जाई.

हे ज्यांनी ठणकावून सांगितलं त्या स्वतः संस्कृतच्या पंडिता होत्या. रमाबाईंना वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी, रानात राहून संस्कृत शिकवलं. भागवताचे हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत होते. 1878 मध्ये कलकत्त्याला पंडितांच्या सभेनं त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. त्याच शहरात कुणा ख्रिस्ती मंडळींनी त्यांच्या हाती संस्कृत बायबल दिलं. रमाबाईंनीच पुढे लिहून ठेवलंय की ती भाषा आमच्या ग्रंथांतल्या संस्कृतहून इतकी वेगळी, शिकवण इतकी निराळी, की ते वाचणं म्हणजे वेळ घालवणं वाटलं. नंतर सिल्चरला, लग्न झाल्यावर, घरातल्या पुस्तकांत लूकचं शुभवर्तमान सापडलं. ते साध्या बंगालीत होतं, आणि ते त्यांनी आवडीनं वाचलं. हिंदुस्थानातल्या मोजक्या संस्कृत विदुषींपैकी एक, आणि तिलाही संस्कृत बायबल नाही, बंगाली पुस्तिका पोचली. बायबलच्या भाषेबद्दल याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

पुढे 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो बायका-मुली केडगावला आणल्या आणि मुक्ती मिशन उभं राहिलं. या बायकांना मराठी बायबल वाचून दाखवलं की मधले शब्द अडायचे. काही कळायचे नाहीत. काहींबरोबर वेदान्ताचा अर्थ चिकटून यायचा. तो रमाबाईंना पुरता ठाऊक होता, म्हणून जास्तच खटकायचा. तेव्हा त्यांनी, वयाची चाळिशी उलटल्यावर, हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतलं. एवढा मोठा आश्रम सांभाळायचा, शेती, विहिरी, आजारपणं, देणगीची पत्रं, आणि त्यातून वेळ काढून कोश उघडून ओळ न् ओळ मूळ भाषेतून उतरवायची. इंग्रजीवरून नाही. मजकूर जुळवणं, छपाई, बांधणी, सगळं मुक्तीतल्या बायकांनीच केलं. दुष्काळात टाकून दिलेली मुलगी खिळे जुळवते आहे आणि ज्या शब्दापाशी ती अडखळेल तो शब्द बाई पुन्हा बघणार आहेत, हे चित्र माझ्या मनातून जात नाही. श्रीरामपूरच्या मेजावर जी व्यक्ती नव्हती ती इथे छापखान्यात उभी होती.

1921 मध्ये मुलगी मनोरमा गेली. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. शेवटचे तपासणीचे कागद त्यांनी हातावेगळे करत आणले होते. पूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर आलं. एका बाईनं मूळ भाषांतून एकटीनं सबंध बायबल आपल्या भाषेत आणल्याची उदाहरणं जगात फार थोडी आहेत. तरीही चर्चमध्ये बायबल सोसायटीचंच भाषांतर चालत राहिलं आणि रमाबाईंचं मुक्तीच्या परिघाबाहेर फारसं गेलं नाही, याची मला खंत वाटते.

कॅथलिकांकडे दार उशिरा उघडलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे 1960 च्या दशकात, लॅटिन मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीत आली. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ 2010 मध्ये आलं. तेच 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. नाव ‘सुबोध’, भाषा प्रमाण मराठी. त्यांच्या वसईतल्या कितीतरी घरांत मात्र आजही सामवेदी किंवा वाडवळी या तिथल्या बोली बोलतात. रविवारी वेदीवरून शुभवर्तमान मराठीत वाचलं जातं, आणि घरी आल्यावर आजी नातवाला तीच गोष्ट सामवेदीत सांगते.