हवा, हवामान व पर्यावरण यांचे बालशिक्षण

साधारणपणे ३ ते ८ वर्षे वयाच्या मुलांना हवेतले रोजचे बदल, ऋतू आणि भोवतालची सजीव-निर्जीव सृष्टी यांची ओळख करून देणारे शिक्षण. युनेस्कोने संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या सहकार्याने १९७७ मध्ये तिबिलिसी (जॉर्जिया) येथे भरवलेल्या परिषदेने पर्यावरण शिक्षण शाळापूर्व वयापासून सुरू होऊन आयुष्यभर चालावे, असे तत्त्व मांडले.

मराठीत या विषयाची पहिली अडचण शब्दांचीच आहे. एखाद्या ठिकाणची त्या-त्या वेळची वातावरणाची स्थिती म्हणजे हवा आणि तिची दीर्घकालीन सरासरी म्हणजे हवामान, असा भेद भूगोलात करतात. बोलताना मात्र दोन्हींना ‘हवामान’च म्हटले जाते. शिवाय मुलासाठी हवा म्हणजे श्वासात घेतो ती. म्हणून शिकवणाऱ्याने आधी आपल्या बोलण्यात हे अर्थ वेगळे ठेवावे लागतात.

लहान मुले कोरी पाटी घेऊन येत नाहीत. ढग आपल्यामागून चालतो, वारा रागावतो, अशी त्यांची समजूत असते; हलणाऱ्या वस्तूंत जीव पाहण्याच्या या वृत्तीचा अभ्यास स्विस मानसशास्त्रज्ञ झां प्याजे यांनी केला. ढग म्हणजे कापूस किंवा धूर, वाळलेले पाणी जमिनीत गेले किंवा नाहीसे झाले, याही नेहमीच्या कल्पना. ‘चूक’ म्हणून त्या खोडून टाकल्याने काही साधत नाही. फरशीवर सांडलेल्या पाण्याभोवती खडूने रेघ मारून ठेवली, की तासाभराने पाणी रेघेच्या आत सरकलेले मुलाला दिसते. फरशीत तर पाणी मुरत नाही, मग ते गेले कुठे, हा प्रश्न आता त्याचा स्वतःचा असतो. बाष्प डोळ्यांना दिसत नाही. ढगात दिसतात ते पाण्याचे सूक्ष्म थेंब किंवा हिमकण. हे त्यानंतर सांगितले तर पटते.

खरा पाया रोजच्या नोंदीचा. ठरलेल्या वेळी आकाश पाहणे, झाड किंवा कापडी पट्टी पाहून वाऱ्याची दिशा ठरवणे, सावलीत टांगलेला तापमापक वाचणे. पर्जन्यमापक म्हणून सरळ कडांचे, सपाट बुडाचे कोणतेही भांडे चालते. अरुंद आणि रुंद भांडी शेजारी ठेवली, तर दोन्हींत पाण्याची उंची जवळपास सारखीच भरते. रुंद भांड्यात पाणी जास्त, पण जागाही जास्त, हे कोडे मुलांना फार आवडते. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटर जागेवर १ लिटर पाणी.

हवामानाची सरासरी काढताना जागतिक हवामान संघटना ३० वर्षांचा काळ धरते. आठ वर्षांच्या मुलाने तेवढा काळ पाहिलेलाच नसतो. एका गरम दिवसावरून हवामानबदल शिकवणे त्यामुळे चूक ठरते, आणि थंड दिवस उजाडताच ते मुलालाही खोटे वाटू लागते. वर्गाची नोंदवही पुढच्या वर्गाकडे सोपवत राहणे, हा यावरचा सर्वांत प्रामाणिक उपाय आहे. चार-पाच वर्षांच्या नोंदी शेजारी मांडल्या, तरी प्रत्येक वर्ष वेगळे असते आणि तरीही ऋतूंचा क्रम टिकतो, एवढे मुलांना उमगते.

वितळते हिमनग आणि जळती जंगले यांची चित्रे या वयात आधी दाखवू नयेत. ज्याच्याशी ओळखच झालेली नाही, ते नष्ट होत असल्याची भीती मुलाला हतबल करते. अंगणातले एक झाड वर्षभर पाहणे, त्याची पालवी, फुले आणि त्यावरचे किडे ओळखणे, याला अधिक वेळ द्यावा. मूल स्वतःहून संकटाविषयी विचारते, तेव्हा मात्र विषय न टाळता त्याच्या वयाला झेपेल तेवढे खरे उत्तर द्यावे.