शिकवणारी शाळा आणि निवडणारी शाळा

एका वर्गात हातच्याच्या वजाबाकीची चाचणी झाली आणि चाळीसच्या चाळीस मुलांची सगळी उदाहरणं बरोबर आली. चाचणी कशी झाली म्हणायची?

मुलांना वजाबाकी आली का, एवढंच पाहायचं असेल तर याहून चांगला निकाल नाही. पण या चाळिसांतून पाच जण वेगळे काढायचे असतील तर चाचणी वाया गेली, कारण ते पाच कोणते हे तिच्यातून कळतच नाही. पुढचा पेपर अवघड काढावा लागेल, इतका की काही मुलं चुकलीच पाहिजेत.

सार्वजनिक शाळेकडून आपण ही दोन्ही कामं करून घेतो: शिकवणं आणि निवडणं. दोन्हींत पेपर असतो, गुण असतात, निकाल लागतो, म्हणून ती एकच वाटतात. शिक्षणसुधारणेच्या बऱ्याच चर्चा मला इथेच भरकटताना दिसतात.

हा घोटाळा जुना आहे. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन यांनी तिथल्या व्हर्जिनिया राज्यासाठी तयार केलेल्या 1779 च्या विधेयकात सगळ्या स्वतंत्र मुलामुलींना तीन वर्षं मोफत शिक्षण होतं (गुलामगिरीतल्या मुलांना त्यात जागाच नव्हती). त्याच विधेयकात गरीब मुलांतून मोजके हुशार निवडून वर पाठवायची सोयही होती. तिचं वर्णन जेफरसन यांनी पुढे ‘कचऱ्यातून वेचून काढणं’ असं केलं. एकाच कागदावर सगळ्यांना शिकवायचं वचन आणि बहुतेकांना बाजूला सारायची योजना!

फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो तो प्रश्नपत्रिकेत. निवडीच्या पेपरात जवळपास सगळ्यांना येणारा प्रश्न निकामी ठरतो, कारण त्यानं कोणीच कोणापासून वेगळं होत नाही. निम्म्यांना येतो आणि निम्म्यांना येत नाही, असा प्रश्न सर्वात कामाचा. आता याचा परिणाम पाहा. शिक्षकांनी एखादा घटक जीव ओतून शिकवला आणि तो सगळ्यांना आला, की त्यावरचे प्रश्न अशा पेपरातून गळू लागतात. घरी पुस्तकं, शांत खोली आणि शिकवणी असलेल्या मुलांना जास्त जमणारे प्रश्न मात्र टिकून राहतात. मग शाळेनं काय शिकवलं यापेक्षा मूल कोणत्या घरातून आलं हेच पेपर जास्त मोजू लागतो. मला ही गोष्ट फार अस्वस्थ करते.

1963 मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट ग्लेझर यांनी या दोन मोजमापांतला भेद नेमका मांडला. एकात मुलाची तुलना इतर मुलांशी होते, दुसऱ्यात ठरवून दिलेल्या कौशल्याशी. ‘वर्गात बाविसावा’ हे पहिल्याचं उत्तर. ‘हातचा घेता येतो, पण मध्ये शून्य आलं की अडतो’ हे दुसऱ्याचं. उद्या सकाळी वर्गात काय करायचं, ते शिक्षकाला दुसऱ्याच उत्तरातून कळतं.

वेळेचंही तसंच आहे. निवडणाऱ्या शाळेत वेळ सगळ्यांना सारखा असतो आणि कोणाला किती आलं त्यात फरक पडतो. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी 1968 मध्ये हे उलटं करून मांडलं: काय यायला हवं ते पक्कं ठेवा, वेळ आणि मदत कमीजास्त करा.

साधन मात्र तेच असू शकतं. 1905 मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी बुद्धिमापनाची चाचणी तयार केली, ती कोणत्या मुलांना जादा मदत हवी हे ओळखण्यासाठी. 1917 मध्ये त्याच घराण्यातल्या चाचण्या अमेरिकी सैन्यात माणसांची वर्गवारी करायला वापरल्या गेल्या.

म्हणून ‘परीक्षा रद्द करा’ आणि ‘परीक्षा कडक करा’ या दोन्ही घोषणा मला अपुऱ्या वाटतात. पहिलीमुळे निवडीबरोबर शिकवण्याची चाचणीही जाते, आणि मुलाला वाचता येत नाही हे कळायला पाच वर्षं लागतात. दुसरीमुळे शिकवण्याच्या नावाखाली निवडच वाढते.

निवड मुळातच वाईट, असं मी म्हणणार नाही. वैद्यकीय शिक्षणाच्या जागा मोजक्याच असतात आणि त्या कोणाला द्यायच्या हे ठरवावंच लागतं. पण ते ओझं अकरा वर्षांच्या मुलावर कशाला? इंग्लंडमध्ये 1944 च्या शिक्षण कायद्यानंतर नेमकं तेच झालं. अकराव्या वर्षीच्या परीक्षेवर मुलं वेगवेगळ्या शाळांत वाटली जाऊ लागली. परीक्षेत वर आलेल्या मुलांसाठीच्या ‘ग्रामर शाळां’च्या जागा प्रत्येक भागात कमीजास्त होत्या. त्यामुळे एका भागात पास झालं असतं असं मूल शेजारच्या भागात नापास व्हायचं.

फिनलंडमध्येही त्याच वयाच्या सुमारास मुलं दोन वाटांनी जायची. 1972 ते 1977 या काळात, उत्तरेकडून सुरुवात करून, तिथे सगळ्यांसाठी नऊ वर्षांची एकच शाळा आली. तरी गणित आणि परकीय भाषांत पातळीनुसार गट राहिलेच होते. तेही 1985 मध्ये बंद झाले. उच्च माध्यमिकच्या शेवटी होणारी राष्ट्रीय परीक्षा मात्र त्यांनी ठेवली. ती मुलं देतात तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची झालेली असतात.