कुष्ठरोग फक्त कातडीपुरता असतो का?

"कुष्ठरोग म्हणजे कातडीवरचे चट्टे, आत काही होत नाही," असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. चट्टेच डोळ्यांना दिसतात, त्यामुळे ते पटतंही. पण चट्ट्यावर कापूस फिरवला तर बरेचदा स्पर्श कळत नाही, कारण जंतू मज्जातंतूंत शिरलेला असतो. त्याच्याशी लढताना पेशी अतिक्रियाशील ऑक्सिजन-रेणू सोडतात. त्यांना आवरणारी अँटिऑक्सिडंट्स कमी पडली की ऑक्सिडेटिव्ह ताण वाढतो, आणि तो रक्तवाहिन्यांच्या अस्तरालाही इजा करू शकतो. म्हणून प्रत्येक रुग्णाला हृदयविकार होतो असं मुळीच नाही. मला जास्त काळजी वाटते ती कुष्ठरोगात अचानक उठणाऱ्या दाहासाठी, म्हणजे रिअ‍ॅक्शनसाठी दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांची: त्यांचा रक्तदाब आणि साखर वाढू शकते. औषधं स्वतःहून न थांबवता डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासून घ्या.