वॉट, केल्विन, पार : प्रवाळांच्या टाकीवरचा दिवा कसा बदलत गेला

पहिली रीफ टँक, म्हणजे प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी, लावायची ठरवली की दिव्याबद्दल तीन तऱ्हेचे सल्ले कानावर येतात. एक जण म्हणतो, लिटरमागे एक वॉट धर. दुसरा सांगतो, वॉट विसर, चौदा हजार केल्विनचा निळसर दिवा घे (हा आकडा जितका मोठा तितका उजेड निळा). तिसरा थेट ‘पार’ (PAR), म्हणजे शैवालाला अन्न बनवायला उपयोगी पडणारा प्रकाश, किती येतो ते विचारतो, आणि वर एलईडी सुरुवातीला तीस-चाळीस टक्क्यांच्या पुढे नेऊ नकोस म्हणून बजावतो. तिघंही खोटं बोलत नसतात. प्रत्येक जण ज्या दिव्यावर शिकला त्याच्याबद्दल बोलत असतो, आणि ते दिवे एका काळातले नसतात.

माशांच्या टाकीला दिवा लागतो तो आपल्याला मासे दिसावेत म्हणून. प्रवाळाला तो जगण्यासाठी लागतो. त्याच्या मऊ पेशींच्या आत झूझँथेली नावाचं एकपेशीय शैवाल राहतं, प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. आज हे शाळकरी मुलंही वाचतात, पण शास्त्रज्ञांमध्ये यावर बराच काळ वाद होता. १९२८-२९ साली ग्रेट बॅरियर रीफवर वर्षभर ठाण मांडून बसलेल्या ब्रिटिश मोहिमेचे प्रमुख सी. एम. यंग यांचं मत होतं की प्रवाळ हा पक्का मांसाहारी प्राणी आहे, शैवाल त्याला खाऊ घालत नाही. पुढे पलाऊ बेटांवर सिरो कावागुती यांनी उजेडातली प्रवाळं प्राणवायू सोडतात हे मोजून दाखवलं. १९५०च्या दशकात जमैकात थॉमस गोरो यांनी किरणोत्सारी कॅल्शियम वापरून सिद्ध केलं की उजेडात प्रवाळाचा सांगाडा अंधारापेक्षा झपाट्याने वाढतो. हौशी लोकांपर्यंत हे झिरपायला आणखी वेळ लागला. तोवर प्रवाळांना कोळंबीचा कीस भरवायचा, वर एक ट्यूब लावायची आणि काही आठवड्यांत ती पांढरी पडून मेली की ‘प्रवाळं टिकतच नाहीत’ म्हणायचं, असा खाक्या होता.

अपवाद होता जकार्तात. ली चिन एंग या इंडोनेशियन हौशी माणसाने १९६१ साली एका अमेरिकी मासिकात आपली पद्धत लिहिली : समुद्रातून आणलेले जिवंत खडक (म्हणजे बारीक जीव वसलेले दगड), हवेचे बुडबुडे आणि खिडकीतून येणारं ऊन. फिल्टर असा नाहीच. त्याच्या टाक्यांत प्रवाळं जगत होती. विषुववृत्ताच्या सहा अंश दक्षिणेला राहणाऱ्या माणसाला बारा महिने जवळजवळ बारा तासांचा दिवस फुकट मिळतो, हे त्या यशामागचं मोठं कारण. बर्लिनमध्ये डिसेंबरातला दिवस आठ तासांचाही नसतो. तिथे खिडकीचा काय उपयोग?

म्हणूनच बहुधा कृत्रिम सूर्याचा शोध जर्मन लोकांनी जास्त चिकाटीने घेतला. मेटल हॅलाइड हा लख्ख उजेडाचा, भरपूर तापणारा दिवा १९६०च्या दशकात तयार झाला, तो मैदानांसाठी, कारखान्यांसाठी, दुकानांच्या काचांमागे लावण्यासाठी. बर्लिनच्या हौशी मंडळींनी तो टाकीवर टांगला. जिवंत खडक, फेसावाटे पाण्यातली घाण काढणारा प्रोटीन स्किमर, चुन्याची निवळी आणि डोक्यावर १५० किंवा २५० वॉटचा हॅलाइड, ही त्यांची जुळणी पुढे ‘बर्लिन पद्धत’ म्हणून जगभर गेली. त्यांच्यातल्या डीट्रिश श्ट्यूबर यांनी अ‍ॅक्रोपोरा हे नाजूक समजलं जाणारं प्रवाळ घरच्या टाकीत वाढवलं. त्याचे तुकडे हातोहात युरोपभर गेले आणि प्रवाळ कलम करून वाटता येतं हे लोकांना पटलं.

‘लिटरमागे एक वॉट’ हा हिशेब याच सुमाराच्या ट्यूबलाइटी जगातला. मूळ अमेरिकी रूप गॅलनला तीन ते पाच वॉट असं होतं. सगळ्या ट्यूब थोडाफार सारखाच प्रकाश देत होत्या, तेव्हा हा ठोकताळा चालून गेला. आपल्याकडची चाळीस वॉटची जाड चार फुटी ट्यूब आठवा. तिचा व्यास ३८ मिलिमीटर. १९९०च्या दशकात आलेल्या टी५ ट्यूबचा व्यास १६ मिलिमीटर, म्हणजे आरशासारखा परावर्तक प्रत्येक ट्यूबला स्वतंत्र लावता येतो आणि तेवढ्याच विजेत टाकीत कितीतरी जास्त उजेड उतरतो. टी५ आली त्याच दिवशी वॉटचा हिशेब मोडीत निघायला हवा होता. तो अजून सांगितला जातो, याला सवयीपलीकडे कारण नाही.

निळ्या रंगाचं प्रकरण जरा वेगळं. पाणी लाल प्रकाश पहिल्या काही मीटरमध्येच गिळून टाकतं, निळा खोलवर जातो. झूझँथेलीतल्या क्लोरोफिल आणि पेरिडिनिन या रंगद्रव्यांना निळा-हिरवट पट्टा मानवतो. त्यामुळे ४२० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश देणाऱ्या ‘अ‍ॅक्टिनिक’ ट्यूब हॅलाइडच्या जोडीला आल्या, आणि हॅलाइडचे बल्बही साडेपाच-साडेसहा हजार केल्विनवरून दहा, चौदा, अगदी वीस हजारांवर सरकले. पण खरं सांगायचं तर यात प्रवाळाच्या भुकेपेक्षा आपल्या डोळ्यांची हौस जास्त होती. पिवळट उजेडात तपकिरी दिसणारं प्रवाळ निळ्या उजेडात हिरवं-केशरी चमकतं, कारण त्याच्यातली प्रथिनं निळा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा सोडतात. जेलीफिशमधलं हिरवं चमकणारं प्रथिन १९६२ पासून माहीत होतं. लाल रंगाचं तसंच प्रथिन १९९९ साली प्रसिद्ध झालं, आणि ते समुद्रातल्या मोहिमेतून आलेलं नव्हतं. रशियन संशोधकांना ते मॉस्कोतल्या हौशी मत्स्यालयाच्या प्रवाळांत सापडलं. प्रजात होती डिस्कोसोमा, म्हणजे आज दुकानदार नवख्याच्या हातात पहिल्यांदा ठेवतो तेच ‘मशरूम’. जगभरच्या प्रयोगशाळांत पेशी रंगवायला वापरलेलं हे प्रथिन घरगुती टाकीतून गेलं, याचं मला अजून नवल वाटतं.

केल्विनचा आकडा दिव्याचा रंग सांगतो, ताकद सांगत नाही. हे गणित सरळ करणाऱ्यांत एक नाव वाचून मराठी वाचक थबकेल : संजय जोशी. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात औद्योगिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक आणि स्वतः प्रवाळांचे शौकीन. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी बाजारातले हॅलाइडचे बल्ब एकेक करून मोजले, कुठल्या चोकवर कुठला बल्ब किती वीज खाऊन किती प्रकाश देतो याचे तक्ते छापले. एकाच वॉटचे, एकाच केल्विनचे दोन बल्ब प्रत्यक्षात खूप वेगळे निघतात हे त्यातून उघड झालं. दुकानदाराच्या शब्दावर चालणाऱ्या छंदात हे मोठंच काम.

मोजायचं एकक मात्र शेतातून आलं. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले सगळे फोटॉन (प्रकाशकण) सारखे धरून मोजायचे ही ‘पार’ची कल्पना पक्की झाली ती कीथ मॅक्री यांच्या १९७२ सालच्या पिकांच्या पानांवरच्या मोजमापातून. भर दुपारच्या उष्ण कटिबंधातल्या उन्हात हा आकडा दोन हजारांच्या घरात जातो. मशरूम, झोअँथिड, लेदर कोरल अशा नवख्यांच्या प्रवाळांना पन्नास ते दीडशे पुरतो. अ‍ॅक्रोपोरासारख्यांना दोनशे-तीनशे लागतो. त्यापुढे शैवालाची क्षमता भरते आणि जादा प्रकाश त्रासाचा ठरतो.

निळा एलईडी शुजी नाकामुरा यांनी जपानच्या निचिया कंपनीत १९९३ साली उजळ करून दाखवला. अकासाकी आणि अमानो यांच्यासह त्यांना २०१४ चं नोबेल मिळालं. टाकीसाठीचा पहिला गाजलेला एलईडी दिवा, सोलारिस, २००६ मध्ये आला, खूप महाग होता, आणि पेटंटच्या वादानंतर काही वर्षांत बाजारातून गेलाही. २०१० नंतर मात्र एलईडीची रांग लागली आणि प्रवाळं भाजायला लागली. कारण साधं होतं. आपला डोळा हिरव्याला तीक्ष्ण, ४५० नॅनोमीटरच्या निळ्याला मंद. टाकी अंधूक दिसते म्हणून लोक बटण वर नेत. लेन्समधून येणारा झोत खडकाच्या माथ्यावर मात्र चारशे-पाचशे पार टाकत असे, आणि प्रवाळ पांढरं पडे. उजेड मोजणारा साधा लक्समीटरही डोळ्यासारखाच फसतो, कारण तो डोळ्यासाठीच बनवलेला. ‘तीस-चाळीस टक्क्यांवर सुरू कर’ हा सल्ला त्या भाजलेल्या प्रवाळांतून आला.

मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी एलईडीचा खरा उपकार प्रकाशाचा नाही, उष्णतेचा आहे. २५० वॉटचा हॅलाइड मे महिन्यात टाकीवर पेटवायचा म्हणजे पाणी तिशीच्या वर जाणार, चिलर लागणार, आणि चिलरची गरम हवा त्याच खोलीत. शिवाय पाणी उडून खारटपणा वाढतो तो वेगळा. एलईडीतही उष्णता असते, पण ती मागच्या पंख्यातून वर निघते, पाण्यावर पडत नाही.

सगळ्या प्रवाळांना लख्ख उजेड लागतो असंही नाही, त्यासाठी लांब जायला नको. मालवणच्या किनाऱ्यालगत गढूळ, हिरवट पाण्यात प्रवाळं आहेत. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं आंग्रिया बँक हे समुद्रात बुडालेलं पठार आहे, तिथे ती वीस-पंचवीस मीटर खोलीवर स्वच्छ पाण्यात वाढतात. दोन्हीकडे पोचणारा उजेड अगदी वेगळा. (तिथून तुकडा आणायचा विचारही नको. दगडी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत.)

पर्याय आता आपोआप कमी होत चालले आहेत. ट्यूबमधल्या पाऱ्यामुळे युरोपीय संघाने ऑगस्ट २०२३ पासून सर्वसाधारण वापराच्या टी५ आणि टी८ ट्यूब बाजारात आणणं थांबवलं. पाऱ्याचा वापर आवरण्यासाठीच्या मिनामाता कराराच्या सदस्य देशांनीही लांब फ्लुरोसंट ट्यूबचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत बंद करायचं ठरवलंय. सेकंडहँड बाजारात टी५ चा किंवा हॅलाइडचा सेट स्वस्तात दिसेल, पण त्यांची ट्यूब किंवा बल्ब नऊ-बारा महिन्यांनी बदलावा लागतो, आणि ती बदली पुढच्या वर्षी कुठून येणार हे विकणाऱ्याला आधी विचारा. दोन फुटी टाकीला एक बरा एलईडी आणि चार दिवसांसाठी कुणाचा तरी पार मीटर उसना, एवढ्यात नवख्याचं काम होतं.