एका कोयत्यातले दोन जीव

हंगाम सुरू झाला की कोल्हापूर जिल्ह्यातल्या उसाच्या फडांवर बीडकडच्या टोळ्या उतरतात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर. बाई पहाटे उठून भाकऱ्या थापते, दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावरून ट्रॉलीत चढवते. पण तिच्या मजुरीचा वेगळा आकडा कुठेच नसतो. उद्या रस्त्यावर तिचा जीव गेला, तर भरपाईचं घोडं नेमकं इथेच अडतं.

कारण भरपाईचा कायदा मिळकत विचारतो. १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्याने मृताच्या घरच्यांचं पैशात किती नुकसान झालं, ते मोजायला सुरुवात केली. पुढे मोटार वाहन कायद्यातही तोच विचार आला. त्या कायद्याच्या १९९४ च्या तक्त्यात न कमावणाऱ्या माणसाचं उत्पन्न वर्षाला १५,००० रुपये धरलं, आणि न कमावणाऱ्या जोडीदाराचं, कमावत्याच्या एक तृतीयांश! २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा खटल्यात वर्षाच्या नुकसानीला कितीने गुणायचं, ते गुणक वयानुसार पक्के केले. तीस वर्षांचा माणूस, मागे दोघं-तिघं अवलंबून, गुणक १७. महिना दहा हजार मिळवत असेल तर वर्षाचे १,२०,०००, त्यातून त्याचा स्वतःचा खर्च म्हणून तिसरा हिस्सा वजा, उरलेले ८०,००० गुणिले १७, म्हणजे १३ लाख ६० हजार. भविष्यातली वाढ आणि कर बाजूला ठेवले, तर महिना लाख मिळवणाऱ्याचे होतात १ कोटी ३६ लाख. अपघात एकच, वय एकच.

बायकांच्या कामाकडे न्यायालयाने उशिरा पाहिलं. जमशेदपूरच्या १९८९ च्या आगीत गेलेल्या गृहिणींचं काम २००१ च्या निकालात महिना ३,००० रुपयांचं धरलं गेलं. २०१० मध्ये तर जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत बसवतात, यावर न्यायालयाने खडे बोल सुनावले.

याच कोल्हापुरात १९१९ मध्ये शाहू महाराजांनी हुकूम काढला होता : सरकारी दवाखान्यात अस्पृश्य रुग्णांना सन्मानाने वागवा, जमत नसेल तर सहा आठवड्यांत राजीनामा द्या. त्या दारात माणसाची पत विचारायची नव्हती; भरपाईच्या दारात मात्र मिळकत विचारली जाते.

सर्वांना सारखी रक्कमही कायद्यात आहे. चूक कुणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख, एप्रिल २०२२ पासून. पण सारखेपणा आला तो एवढ्या तुटपुंज्या रकमेवर, हे मला खटकतं. जास्त हवं तर पुन्हा मिळकत आलीच. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे, अपिलासाठी मुंबई गाठायची दगदग वाचली. पण वकील पहिल्याच भेटीत मजुरीचा पुरावा मागणार, आणि मुकादमाच्या वहीत तिचं नावच नसणार.